छर्ऱ्यांचा हिशोब: एका हौशी पिस्तूलवालीचं पहिलं अर्धवर्ष

वय सत्तेचाळीस, राहणं नेरूळला, नोकरी बेलापूरला. जून 2025 मध्ये मी 10 मीटर एअर पिस्तूल शिकायला लागले. पदकाबिदकाचा विचार नाही. शनिवार-रविवारी तास-दीड तास डोक्यातलं सगळं बाजूला पडतं, एवढ्यासाठीच जाते. नेमबाजी महाग असते हे जो तो सांगतो, पण ती नेमकी कुठे आणि किती महाग पडते ते कुणी धड सांगत नाही. पिस्तूल क्लबचं मिळतं. रायफलवाल्यांना लागतं तसलं जाड जॅकेट पिस्तुलाला लागत नाही. लेनचं भाडं ठरलेलं असतं, आमच्याकडे तासाला अडीचशे. उरतात छर्रे. ते दर आठवड्याला संपतात आणि त्यांचा भाव जो तो वेगळा सांगतो. हे गणित सुटेपर्यंत नोव्हेंबर उजाडला.

आधी घरच्यांनी आणि ऑफिसमधल्यांनी विचारलेला प्रश्न. लायसन्स लागतं का? 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 0.177 इंचापर्यंतच्या, म्हणजे 4.5 मिलिमीटरच्या, आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. 10 मीटरचं मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेचं, पाच-सात ज्यूलच्या आसपास असतं, म्हणजे मर्यादेच्या बरंच आत. पॉइंट टू-टूची, म्हणजे 0.22 इंची गोळीच्या पिस्तुलाची, गोष्ट वेगळी. ते खरं अग्निशस्त्र. त्याला पोलीस आयुक्तालयातून परवाना काढावा लागतो आणि गोळ्याही त्या परवान्यावरच, ठरलेल्या मर्यादेत मिळतात. मी त्या वाटेला गेलेच नाही, त्यामुळे पुढचं सगळं एअर पिस्तुलाच्या छर्ऱ्यांबद्दल आहे.

पहिला महिना शिकवणीच्या फीमध्ये छर्रे धरलेले होते. जुलैपासून कोच म्हणाले, "मॅडम, आता पेलेट तुमचे तुम्ही आणा, नाहीतर काउंटरवरून घ्या." काउंटरवर शंभर छर्ऱ्यांची पुडी तीनशे रुपयांना, म्हणजे शॉटला तीन रुपये. एका सत्रात साठ शॉट आणि सुरुवातीचे चाचणीचे दहा धरले, आठवड्याला दोन सत्रं धरली, तर महिन्याला साडेपाचशेच्या वर छर्रे जातात. सोळाशे-सतराशे रुपये झाले. परवडत नाही असं नाही, पण पुडीवर ना कंपनीचं नाव, ना वजन, ना बॅच. आपण काय वापरतोय तेच कळत नव्हतं.

मग विचारायला सुरुवात केली, आणि इथे सगळ्या नवख्यांचा गोंधळ होतो. रेंजवर रायफलवाली पोरं जास्त. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरोला 10 मीटर एअर रायफलचं विश्वविजेतेपद मिळवलं, आणि पनवेलला सुमा शिरूर यांच्या लक्ष्य क्लबमुळे हा खेळ आधीपासून होताच. त्यामुळे आमच्या पट्ट्यात रायफलच्या मुलांचे आईबाप सगळं कोळून प्यायलेले असतात. त्यांचा सल्ला एकच: आर10 नाहीतर फिनाले मॅच (दोन्ही स्पर्धेचे महागडे छर्रे), बाकी कशाला हात लावू नका. शेजारच्या लेनवरचे निवृत्त काका बरोबर उलट टोकाला. "देशी डबा घ्या हो, शिसं ते शिसंच."

दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, ते मला नंतर उमगलं. रायफलच्या कार्डावर, म्हणजे नेम धरायच्या कागदी लक्ष्यावर, दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पिस्तुलाच्या कार्डावर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. छर्ऱ्याची कड नुसती टेकली तरी दहा मिळतात, म्हणजे रायफलवाल्याच्या छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा आणि माझा आठच्या आत आला तरी चालतं. त्यातून रायफलची मोजणी दशांशात. 10.2 की 10.5 यावर मुलांचा नंबर वर-खाली होतो. त्यांच्या आईबापांनी महागडा डबा घेणं हा त्यांचा हिशोब झाला. माझा वेगळाच असणार होता.

जुलैमध्येच मी वही घेऊन बसले. ऑनलाइन विक्रेते, पुण्यातला एक, वाशीतलं क्रीडासाहित्याचं दुकान (त्यांनी आधी कॅरमची पावडर दाखवली, मग छर्रे ठेवत नसल्याचं सांगितलं), दक्षिण मुंबईतली जुनी बंदुकांची दुकानं, सगळीकडे फोन केले. पाचशेच्या डब्याचे मला मिळालेले भाव ढोबळमानाने असे होते: देशी डबे तीनशे ते पावणेचारशे, परदेशी पण सरावाचे साडेसातशे ते हजार, आणि मॅचचे म्हणून विकले जाणारे दीड हजारापासून वर, काही ठिकाणी एकोणीसशेपर्यंत. एकाच डब्याच्या भावात दोन दुकानांत दोन-अडीचशेचा फरक. कारण विचारलं तर कुणी युरो वधारला म्हणालं, कुणी जुना स्टॉक आहे म्हणालं, आणि एका सरळ माणसाने सांगितलं, "राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा जवळ आल्या की सगळे एकदम मागतात, मग आम्ही कशाला सोडू?"

भाव विचारताना काय विचारायचं ते हळूहळू कळत गेलं. डबा पाचशेचा की अडीचशेचा? एके ठिकाणी स्वस्त वाटलेला डबा अडीचशेचा निघाला. वजन किती? पिस्तुलासाठी साधारण 0.45 ग्रॅमचे हलके छर्रे वापरतात, रायफलसाठी 0.53 चे. जड छर्रा पिस्तुलात चालतच नाही असं नाही, पण बॅरलमधून तो हळू निघतो. हेड साइझ, म्हणजे छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास, किती? 4.48 ते 4.52 मिलिमीटरपर्यंत असतात आणि प्रत्येक बॅरलला त्यातली एखादीच मानवते. भावात जीएसटी धरलाय का, कुरिअर वेगळं का, पक्कं बिल मिळणार का? आणि बॅच कोणती? या शेवटच्या प्रश्नावर अर्धे विक्रेते गप्प होतात. जे उठून डब्यामागचा नंबर वाचून दाखवतात, त्यांच्याकडून घ्यावं हा माझा साधा निकष झाला.

2 ऑगस्टला, शनिवारी, मी हार्बर लाइनने सीएसएमटीला जाऊन एका जुन्या दुकानात शिरले. जाताना थोडी धाकधूक होती. भिंतीवर दुनळी बंदुका, काचेखाली काडतुसांची रिकामी खोकी, आणि गिऱ्हाइकांत मी एकटी बाई. पण मालक इतके शांत आणि व्यवस्थित बोलले की दोन मिनिटांत मोकळं वाटलं. आधारची झेरॉक्स मागितली, तीवर माझी सही घेतली, रजिस्टरात नाव-पत्ता-मोबाइल आणि काय घेतलं ते लिहिलं. क्लबचं पत्र आहे का विचारलं. मी नेलं होतं, त्याचीही एक प्रत ठेवून घेतली. झेरॉक्स घरूनच न्या आणि तीवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा. आपला कागद कुठे कशाला गेला ते आपल्याला ठाऊक असावं.

मग त्यांनी तीन डबे उघडले. छर्रे दोऱ्याच्या रिळासारखे असतात, पुढे सपाट डोकं, मध्ये कंबर, मागे पोकळ घेर. मागचा घेर डोक्यापेक्षा किंचित मोठा असल्याने टेबलावर सोडले की ते सरळ न जाता वळत जातात. मालकांनी प्रत्येक डब्यातले पाच-सहा छर्रे काउंटरच्या काचेवर ठेवून बोटाने हलकेच ढकलले. जर्मन डब्यातले सगळे सारखाच वळसा घेऊन एका रांगेत थांबले. देशी डब्यातला एक मध्येच डगमगला आणि दुसरीकडे गेला. त्यांनी तो उचलून माझ्या तळहातावर ठेवला. घेराची कड एका बाजूने किंचित दबलेली होती. "हा कुठे जाईल ते मी नाही सांगू शकत," म्हणाले. तिसऱ्या डब्यातल्या छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी होती. ओल लागून शिशावर येणारा थर तो. अडीचशेने स्वस्त देतो म्हणाले, मी नको म्हटलं. भाव पाडून मिळत असेल तर आधी झाकण उघडून बघा, एवढंच मी त्यावर सांगेन.

आणखी एक गोष्ट त्यांनीच दाखवली. परदेशी मालाच्या डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं लेबल असायला हवं. नसेल तर माल कुठून आला ते विचारावं. एमआरपी दिसली की घासाघीसही सोपी होते, कारण "मॅडम, तुमच्यासाठी म्हणून" किती सोडलं ते डोळ्यांसमोर असतं.

त्या दिवशी घाऊक काहीच घेतलं नाही. एक देशी, एक सरावाचा आणि एक मॅचचा, असे तीन डबे आणले. तीन डब्यांचे सव्वासत्तावीसशे रुपये झाले. नवऱ्याने बिल बघून नुसतं "हं" केलं.

घरी सरावाचा आणि देशी डबा जुन्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ओतला आणि एक-एक छर्रा बघितला. (स्वयंपाकघरातली ताटं यासाठी अजिबात वापरू नका. शिसं आहे ते. ट्रे आता कायमचा गॅलरीतल्या कपाटात गेलाय.) देशी डब्यात दबलेले, चिरलेले, कडेला शिशाचं साल निघालेले असे चाळीसेक निघाले. सरावाच्या डब्यात चार. ते काढून टाकले तरी देशी छर्रा शॉटला सत्तर-पंचाहत्तर पैशांच्या पुढे जात नव्हता. कागदावर काका जिंकत होते.

पुढे गणपती आले, त्यात पंधरवडा गेला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोचनी एका कामाच्या दिवशी सकाळी लेन मोकळी करून दिली. त्यासाठी मी अर्धी रजा टाकली. क्लबचं चार नंबरचं पिस्तूल मी नेहमी वापरते, तेच घेतलं. हे महत्त्वाचं आहे, कारण चाचणी त्या एका बॅरलची असते. पाच नंबरच्या पिस्तुलाला तोच डबा मानवेलच असं नाही. तेव्हापासून मी फोन करून चार नंबर राखून ठेवायला सांगते. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवलं, म्हणजे हाताची थरथर निघून गेली, आणि प्रत्येक डब्याचे पाच-पाच शॉट वेगवेगळ्या कार्डांवर मारले. मग भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सगळ्यात लांबचं अंतर डिजिटल व्हर्निअरने मोजायचं आणि त्यातून 4.5 वजा करायचे. आला तो ग्रुप, म्हणजे छर्रे किती जवळजवळ पडले त्याचं माप.

मॅचच्या डब्याचे ग्रुप तीन-साडेतीन मिलिमीटरचे आले. सरावाच्या डब्याचे चार ते पाच. देशी डब्याचे दोन कार्डांवर सहा-सात आणि तिसऱ्यावर अकरा, कारण चार छर्रे जवळजवळ आणि पाचवा एकटाच भलतीकडे. भरतानाच जाणवत होतं. काही छर्रे अंगठ्याने दाबावे लागत, काही आपोआप आत घसरत.

मग कोचनी हात मोकळा ठेवून, उभं राहून, सरावाच्या डब्यातले दहा मारायला सांगितले. माझा ग्रुप चहाच्या बशीएवढा. कोच हसले नाहीत, पण कार्ड बराच वेळ धरून उभे राहिले. म्हणाले, "आता सांगा, तीन मिलिमीटर आणि पाच मिलिमीटरमधल्या फरकासाठी तुम्ही दुप्पट पैसे का द्यायचे?" मी विचारलं, मग देशीच का नको? त्यावर त्यांचं उत्तर मला पटलं. शिकताना प्रत्येक शॉटनंतर आपण स्वतःला विचारतो की ट्रिगर झटकला का, मनगट वाकलं का, साइट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) हलली का. अधूनमधून एखादा छर्राच वेडावाकडा जात असेल तर चूक हाताची की छर्ऱ्याची ते कळत नाही आणि आपण नसलेली चूक दुरुस्त करत बसतो. म्हणजे मला लागत होता तो मधला डबा. काउंटरच्या बेनामी पुडीपेक्षा तो बराच स्वस्तही होता.

त्याच दिवशी त्यांनी सगळ्यात स्वस्त सराव सांगितला: ड्राय फायरिंग. मॅच पिस्तुलांत छर्रा न भरता ट्रिगरचा सराव करायची सोय असते. आता माझ्या सत्राची पहिली वीस मिनिटं कोऱ्या पांढऱ्या कार्डासमोर अशीच जातात, आणि साठ शॉटऐवजी चाळीस-पन्नास मारून मी घरी येते. भाव शोधण्यात डोकं घालण्याआधी हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ऑक्टोबर सुरू झाला आणि दिवाळीच्या ऑफर आल्या. एका विक्रेत्याची जाहिरात, पाच डब्यांवर एक मोफत, कुरिअर फुकट. डबा नऊशे ऐंशी, म्हणजे सहा डब्यांचे चार हजार नऊशे, एक पडला आठशे सतराला. चांगलं वाटलं. फोन केला तर मोफतचा डबा "जो उपलब्ध असेल तो", बॅचची हमी नाही. माझी सगळी चाचणी एका बॅचवर झालेली, त्यामुळे हे निकामी.

रेंजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी विचारलं, सरावाचे पिस्तूल छर्रे अजून कुणाला हवेत? काकांसकट पाच जण निघाले. (काकांनी "बघू तरी तुमचं ते जर्मन" असं लिहिलं.) बॅच नंबर वाचून दाखवणाऱ्या पुण्याच्या विक्रेत्याने दहा डब्यांना प्रत्येकी सातशे साठ आणि कुरिअर तीनशे ऐंशी सांगितलं. डबा सातशे अठ्ठ्याण्णवला पडला, शॉट एक रुपया साठ पैशांना. माझ्या चाचणीच्या डब्याचीच बॅच त्याच्याकडे होती, हा निव्वळ योग. त्याला सगळे पैसे आगाऊ हवे होते. आम्ही आधी अर्धे, माल निघाल्याच्या पावतीवर उरलेले, असं ठरवलं, आणि त्याने कुरकुर न करता मानलं. बिल एकाच नावावर निघतं, त्या व्यक्तीचं आधार आणि क्लबचं पत्र लागतं. आमच्यात ते माझ्या गळ्यात पडलं. कोणाचे किती डबे, कोणी किती भरले, हे ग्रुपवर लिहून टाका. नंतर तोंडी आठवत बसू नका.

6 ऑक्टोबरला ऑर्डर दिली. 8 ला माल निघाला. 10 ला तो भिवंडीच्या गोदामात पोचला आणि तिथेच बसला. ट्रॅकिंगवर रोज तेच वाक्य. फोन केला तर पार्सलवर "एअरगन" लिहिलंय म्हणून थांबवलंय. बिल, आधार, क्लबचं पत्र सगळं ईमेलने पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच माणसाने तेच मागितलं. तिसऱ्याला मी समजावलं की यात स्फोटक काही नाही, बारूद नाही, नुसतं शिसं आहे, दहा डब्यांचं वजन तीन किलोच्या आतबाहेर आहे. त्याने विचारलं, "मॅडम, म्हणजे मासेमारीचं का?" मी म्हटलं, तसंच समजा, पण सोडा. 16 तारखेला, दिवाळीच्या तोंडावर, पार्सल सोसायटीच्या गेटवर आलं. वॉचमनने खोकं उचललं आणि त्याच्या जडपणावरून दिवाळीचं भांडं समजून अभिनंदन केलं.

उघडताना व्हिडिओ काढा, हा सल्ला मला काकांनी दिला आणि तो उपयोगी पडला. दोन डब्यांची झाकणं चेपली होती, एकातले छर्रे दबले होते. व्हिडिओ पाठवल्यावर विक्रेत्याने त्या एका डब्याचे पैसे परत केले, पण महिनाभर आठवण करून द्यावी लागली. विक्रेत्याला पत्र्याचे डबे कागदात गुंडाळून घट्ट बसवायला आधीच सांगा. शिसं मऊ असतं, धक्का लागला की दबतं.

साठवणीचं थोडक्यात. नवी मुंबईच्या पावसाळ्यात डबा उघडा राहिला की पांढरा थर आलाच, म्हणून झाकण घट्ट लावून, सिलिका जेलची पुडी टाकून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कपाटात ठेवते. रेंजवर छर्रे तोंडात धरून ठेवायची काही जुन्या लोकांना सवय असते, ती उचलू नका. हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात नाही. लेनची जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, म्हणजे शिशाची धूळ उडत नाही.

आता माझा महिन्याचा छर्ऱ्यांचा खर्च सातशेच्या आत आहे. मॅचचा डबा तसाच राखून ठेवलाय, कधी क्लबची अंतर्गत स्पर्धा असेल तेव्हा काढते. स्पर्धेत त्याने गुण वाढतात असा माझा अनुभव नाही, पण तेव्हा छर्ऱ्यावर संशय घ्यायला जागा उरत नाही. काकांनी एक जर्मन डबा संपवला आणि परत देशीवर गेले. त्यांचे ग्रुप माझ्यापेक्षा अजूनही लहान येतात.

जानेवारीत पुन्हा भाव विचारले. त्याच डब्याचे आठशे वीस झालेत आणि जुनी बॅच संपली आहे. विक्रेता म्हणाला नवी बॅचही तितकीच छान आहे. मी एकच डबा मागवलाय. चार नंबरवर वाळूच्या पिशवीवरून पाच-पाच शॉट मारून बघणार, ग्रुप पाचच्या आत बसला तरच उरलेले नऊ.